दाढेवरचा जोंधळा

घोडनदीच्या बाजारात धान्याच्या पोत्याचं तोंड सुटलं, की लोकांच्या नजरा आधी पोत्याकडे जायच्या आणि मग मच्छिंद्र सोनवण्याच्या उजव्या गालाकडे. शिरूरला जुनी माणसं तेव्हाही घोडनदीच म्हणायची, आणि मच्छिंद्रला सगळा बाजार ओळखायचा.

मच्छिंद्र मापाडी होता. पोती मोठ्या काट्यावर चढवायची, काटा स्थिर झाला की वजन पुकारायचं, हे त्याचं काम. पण नाव झालं होतं ते वजनामुळे नव्हे. लिलावाआधी व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे आणि मच्छिंद्रच्या तळहातावर ठेवायचे. त्यातले थोडे उचलून तो उजव्या दाढेवर धरायचा, मान कलती करायचा, कुणी कानात गुपित सांगतंय असे डोळे अर्धे मिटायचा आणि दाबायचा. वाळलेला दाणा कट्‌ करून फुटतो. ओला दाणा आवाज न करता चेपतो. तो आवाज बाहेर कुणाला ऐकू येत नाही, ज्याच्या दाढेखाली दाणा त्याच्याच कानात आतून उमटतो.

"बोलतो," मच्छिंद्र म्हणायचा. नाहीतर, "गप हाय."

बोलतो म्हणजे कोरडा, गप म्हणजे ओलसर. त्यानंतर भावाची ओढाताण किती का होईना, ओलीवरून कुणी वाद घालायचं नाही. आडतवाले पोपटशेठ तर त्याचा शब्द आल्याशिवाय बोलीसाठी बोटही वर करायचे नाहीत.

ही पारख मच्छिंद्रला बापाकडून आली. वडगाव रासाईला भीमेच्या काठी त्यांचं घर. बाप, भिमा, गावाच्या वेशीची राखण, येसकरकी, करायचा आणि सुगीत खळ्याखळ्यावर बलुतं मागायला जायचा. रास भरून झाली की बुडाला उरलेला, मातेरं मिसळलेला जोंधळा त्याच्या पदरात पडायचा. खळ्यावर उभं राहून दाणा तोंडात टाकून बघायची सोय नव्हती. "काय रं भिमा, पारख करतो व्हय?" असं कुणी विचारलं असतं, तर पुढच्या वर्षी त्या खळ्यावर पाय ठेवणं जड गेलं असतं. म्हणून तो घरी यायचा, गाठोडं सोडायचा आणि मग दाणा दाढेखाली धरायचा. "गप हाय. वाळव अजून," असं बायकोला सांगायचा. मच्छिंद्र ते ऐकत वाढला.

पुढे वस्तीनं धम्म घेतला, बलुतं सोडलं. मच्छिंद्र घोडनदीला हमालीला आला, हमालाचा मापाडी झाला. आणि जी पारख बापानं दाराआड केली, ती तो भरबाजारात करू लागला. पाटील असो, शेठ असो, मच्छिंद्र दाढ दाबेपर्यंत सगळे गप्प उभे राहायचे. त्याला त्यात काय वाटायचं, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोला, चांगुणाला, न सांगताच माहीत होतं. बाजाराच्या दिवशी तो सदऱ्याला स्वतः इस्त्री मारायचा, तांब्यात निखारे घालून. पोती उचलणाऱ्या माणसाला इस्त्री कशाला, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि गावोगाव हायब्रीड जोंधळा आला. रब्बीचा शाळू जोंधळा थंडीनंतर निघतो, उन्हात कडक होऊनच बाजारात येतो. त्याला दाढ लावली तरी केवळ रीत म्हणून. हायब्रीडचं तसं नाही. तो पाऊस अंगावर घेतच काढणीला येतो. पोत्यापोत्यात ओलीचा संशय, आणि पोत्यापोत्याला मच्छिंद्रची दाढ. तीन-चार दाण्यांचे दिवसाकाठी ओंजळभर होऊ लागले.

"मामा, तुमची दाढ म्हंजी पिठाची गिरणी झाली," संपत म्हणायचा. हा त्याच्या हाताखालचा हमाल, तोंडात कायम तंबाखू आणि तंबाखूपेक्षा जास्त थट्टा. "घरचं दळण आणू का उद्या?"

"आण. तुज्या हाडांचंबी दळून देतो," मच्छिंद्र म्हणायचा.

पण दोन सुग्यांनंतर त्याच्याच हाडांनी कुरकुर सुरू केली. सकाळी उठल्यावर तोंड उघडेना. भाकरीचा घास लहान करावा लागे. उजव्या कानापुढे ठणका लागायचा, तो कधी कपाळात चढायचा, कधी मानेत उतरायचा. कानच दुखतोय असं धरून त्यानं लसणाचं तेल सोडलं, नंतर बाजारात बसणाऱ्या कान कोरणाऱ्याकडून कान साफ करून घेतला. कान लख्ख झाला, ठणका तिथंच राहिला. मापं पुकारायचं कामही हळूहळू संपतकडे गेलं. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, आणि तिथून पुढं एका लयीत मोजत जायचं, ही मापाड्यांची जुनी रीत. मच्छिंद्रचा 'लाभ' पूर्वी नदीच्या पुलापर्यंत ऐकू जायचा म्हणत. आता तो दात आवळून मुकाट काट्याकडे बघत बसायचा.

जेवताना चांगुणा एकदा हात थांबवून म्हणाली, "अवं, ह्यो आवाज कसला?"

"कसला?"

"तुमच्या तोंडात कुणी जातं फिरवतंय जनू. मला हितवर ऐकू येतंय."

"भाकरी कडक झालीया."

"व्हय, माजी भाकरीच वाईट," ती म्हणाली. त्या दिवशी भाकरी दुधात कुस्करलेली होती.

आश्विनात वडगाव रासाईचे ज्ञानदेव आप्पा हायब्रीडची पोती घेऊन आले. बोलका, सरळ माणूस. ज्याच्या बापाच्या खळ्यावर भिमा उभा राहायचा, तोच हा ज्ञानदेव, पण त्याच्या वागण्यात ते कधी जाणवायचं नाही. मच्छिंद्रनं दाणे घेतले, दाबले.

"बोलतो," तो म्हणाला.

आप्पांनी टोपी मागं सारली. "मच्छिंद्रा, पुन्यांदा बघ. मला जरा वल वाटतीया. आभाळ हुतं म्हणून दोन उन्हं कमी पडली."

शेतकरीच आपल्या मालाला ओला म्हणतोय, हे बाजारानं कधी पाहिलं नव्हतं. संपत हसला. मच्छिंद्रला उगाच राग आला. त्यानं दुसऱ्या पोत्यातले दाणे घेतले, मान कलती केली. आत खडखडीत आवाज आला.

"आप्पा, कोरडा हाय म्हटलं ना. दाढ माजी हाय का तुमची?"

पोपटशेठनी बोट वर केलं. माल त्यांच्या गोदामात गेला.

आठवडा उलटायच्या आत शेठनी त्याला गोदामात बोलावलं. थप्पीतल्या एका पोत्यात त्यांनी हात घातला आणि मच्छिंद्रला खूण केली. मच्छिंद्रनं हात घातला. आत ऊब होती, गोठ्यात झोपलेल्या वासराच्या पोटाला असते तशी. कुबट वास आला. मुठीतले दाणे बाहेर काढले तर काहींवर पांढरी बुरशी.

"तुझ्या शब्दावर घेतलं होतं," पोपटशेठ म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मच्छिंद्रनं तेच दाणे दाढेखाली धरले. कर्र्‌. बोलत होते. बुरशी लागलेला, गरम झालेला जोंधळा त्याच्या कानात खडखडीत बोलत होता. तो चक्रावला. तोंडातलं थुंकून टाकलं, चूळ भरली आणि काहीही तोंडात नसताना नुसता जबडा मिटला.

कर्र्‌.

पुन्हा मिटला. पुन्हा तोच आवाज. पोपटशेठ त्याच्याकडे बघत होते आणि मच्छिंद्र त्या गोदामात रिकाम्या तोंडानं रवंथ करणाऱ्या बैलासारखा जबडा हलवत उभा होता. दाणा बोलत नव्हता. किती दिवस बोलत नव्हता कुणास ठाऊक. बोलत होतं ते त्याचं हाड.

पुढच्या बाजारी त्यानं दाणे घेतले नाहीत. "दाढ दुखतीया," म्हणाला. ते खोटंही नव्हतं. व्यापारी आपले आपण दाणे चावू लागले, वाद वाढले. संपतनंही एकदा पुढं होऊन चावून पाहिलं. तंबाखूनं भरलेल्या तोंडात त्याला सगळाच माल कोरडा लागला. लोक हसले. मच्छिंद्र हसला नाही. काट्याजवळ बसून तो विचार करत होता, की दाढ गेली तर आपण पुन्हा पोती उचलणारा. पोती उचलण्यात कमीपणा नव्हता, सगळं आयुष्य त्यावरच तर निघालं. पण ज्या घटकेला सगळा बाजार गप्प व्हायचा, ती घटका आता कुणाची?

चांगुणाचा भाऊ हौसराव दौंडला रेल्वेत होता. तो दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "दाजी, दौंडला दाताच्या एक डाक्टरीणबाई बसत्यात, उजगरे म्हणून. पुण्याहून गाडीनं येत्यात, आठवड्यातनं दोनदा. हात हलका हाय."

"दाढ उपटून टाकायची झालं," मच्छिंद्र म्हणाला. "तिनंच दगा दिला."

"नुसती दाढ कुठली," संपतनं बाजारात ऐकल्यावर भर घातली. "कानापुढचं दुखणं म्हंजी जबडा कापत्यात. माज्या मावशीच्या गावात एकाचा काढला. आता पेज पितो नळीनं."

"तुज्या मावशीचं गाव कुठलं रं?"

"ते इचारू नका. पर काढला."

मच्छिंद्रच्या पाचावर धारण बसली ती दौंडचा स्टँड येईपर्यंत. एस.टी.त शेजारच्या माणसानं मोठी जांभई दिली, तिच्या पाठोपाठ मच्छिंद्रलाही आली, आणि अर्ध्यातच जबडा अडकला. त्यानं दोन्ही हातांनी हनुवटी धरली, इकडून तिकडे हलवली, तेव्हा कुठं तोंड मिटलं. चांगुणानं खिडकीबाहेर बघत पदर तोंडाला लावला. हसत होती की घाबरली होती, हे त्याला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

उजगरेबाई ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या. खुर्चीत बसताच मच्छिंद्र म्हणाला, "उजवीकडची शेवटची. काढून टाका."

बाईंनी दाढ पाहिली, छोट्या काठीनं ठोकली. "ही दाढ झिजली आहे, पण तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे. तिला का काढू?"

मग त्यांनी त्याच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली. "उघडा. मिटा. सावकाश. परत." मच्छिंद्रचं तोंड दीड बोटापलीकडे उघडेना आणि उघडताना हनुवटी उजवीकडे वळायची. बाईंनी चांगुणाला जवळ बोलावलं, तिचा हात घेऊन तिथं ठेवला. "लागतंय का काही?"

"खरखरतंय," चांगुणा म्हणाली. "वाळूवरनं भांडं वडल्यावानी."

पुण्याला जाऊन एक्स-रे काढावा लागला. तो उजेडासमोर धरून बाईंनी त्याला विचारलं, "घरी बैलगाडी होती का कधी?"

"आमची न्हवती. पर हाकलीया लई."

"आसाला वंगण नसलं तर काय होतं?"

"कुरकुरतो. मग झिजतो. मग चाक डुगडुगतं."

"तेच झालंय. जबड्याचं हाड इथं कानापुढं खोबणीत फिरतं. मध्ये मऊ गादी असते. तुमच्या उजव्या बाजूची गादी विरली आणि हाडावर हाड घासतंय."

मच्छिंद्रनं जबड्यावर हात ठेवला. "कापावं लागंल?"

"कशाला? झिजलेलं पुन्हा भरून येत नाही, ते मी खोटं सांगणार नाही. पण आहे त्या सांध्यावरचा भार उतरवला, त्याला विसावा दिला, की ठणका जातो, तोंड उघडतं. वेळ लागतो. धीर आहे ना?"

"मापाड्याला धीरच असतो, बाई. काटा थांबस्तवर."

मग बाईंनी सांगायला सुरुवात केली. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेकायचं. गोळ्या जेवणानंतरच घ्यायच्या. खाणं मऊ. घास दोन्ही बाजूंनी चावायचा. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची. आरशासमोर बसून जिभेचं टोक टाळूला लावायचं आणि तसंच तोंड हळू उघडायचं, हनुवटी सरळ खाली आली पाहिजे. आणि वरच्या दातांवर बसणारी एक पट्टी त्या करून देणार होत्या, कवळीच्या गुलाबी मसाल्याचीच, पण बिनरंगाची. ती रात्री घालून झोपायचं, म्हणजे झोपेत दात दातांवर आवळले जात नाहीत.

"दिवसा दात आवळता का?"

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

"आवळत्यात," चांगुणा म्हणाली. "काटा हलत असला की आवळत्यात. थांबला की सोडत्यात. म्या बाजारात गेली म्हंजी बघती ना."

मच्छिंद्र तिच्याकडे बघतच राहिला. त्याला स्वतःला हे ठाऊक नव्हतं.

"ओठ मिटलेले, दात सुटलेले," बाई म्हणाल्या. "दिवसभर हे ध्यानात ठेवा. आणि दाणे चावायचे नाहीत."

"किती दिस?"

"आता कधीच नाहीत."

त्यानं डाव्या गालावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "डाव्या बाजूनं?"

"डावा सांधा काय शेजाऱ्याचा आहे?"

चांगुणा मोठ्यानं हसली. बाईही हसल्या. मच्छिंद्रला हसू आलं नाही, पण बाईंचा राग आला असंही नाही. सगळ्या बाजारानं त्याच्या दाढेचं कौतुक केलं होतं. तिच्या मागच्या सांध्याचं काय होतंय, ते विचारणारी ही पहिलीच बाई.

पट्टी आली ती पुढच्या खेपेला. आधी मऊ मेणासारखं काहीतरी तोंडात दाबून दातांचा ठसा घेतला होता. घासून, बसवून, पुन्हा घासून पट्टी दातांवर चपखल बसली. पहिल्या दिवशी ती घालून तो म्हणाला, "थांगुणा, पानी दे," आणि चांगुणा चुलीपुढं पोट धरून बसली.

"लोकं झोपताना दात काढून ठिवत्यात," ती म्हणाली. "आमच्यात घालून झोपत्यात."

पितळी वाटीत पाणी घालून पट्टी दिवसभर फडताळात असायची. शेजारच्या ताईबाईनं एकदा साखर मागायला म्हणून येऊन ती पाहिली आणि वस्तीत बातमी पसरवली की मच्छिंद्रला काचेचे दात बसवले. मग महिनाभर लोक त्याच्याशी बोलताना तोंडात बघायचे.

चांगुणानं मनावर घेतलं. हुलग्याचं माडगं, मऊ भात, आमटीत भिजवलेली भाकरी. शेकायचं फडकं ती हातावर लावून बघितल्याशिवाय त्याच्या गालाला लावू द्यायची नाही. आरशासमोर तो जीभ टाळूला लावून बसला की ती मागं उभी राहून सांगायची, "उजवीकडं गेली. पुन्यांदा." तिच्या दातांना मिश्री, हातात फडकं, आणि तोरा थेट शाळामास्तरचा. भांडणंही झाली. माडग्याचा कंटाळा येऊन त्यानं एकदा चोरून फुटाणे खाल्ले, पुढचे दोन दिवस गाल धरून बसला, तेव्हा ती म्हणाली, "खावा अजून. परात भरून ठिवलेत." फुटाणे पुन्हा घरात आले नाहीत.

ओठ मिटलेले, दात सुटलेले. घरी जमायचं. बाजारात काट्यापुढं बसलं की दात आपोआप मिटायचे. ते तिसऱ्या खेपेला त्यानं बाईंना सांगितलं.

"गात जा काहीतरी. गुणगुणलं की दात आवळता येत नाहीत," बाई म्हणाल्या.

"गानं येत न्हाई मला."

"त्यांना माप पुकारायला येतं," चांगुणा म्हणाली. "पूर्वी पुकारायचे."

म्हणून संपतकडून त्यानं ते काम परत घेतलं. आवाज पुलापर्यंत सोडाच, शेजारच्या गाळ्यापर्यंतही जाईना. तोंडातल्या तोंडात, लयीत, "लाभ... हं, लाभ..." आणि काटा डुलत राहायचा तोवर तो दुसऱ्या मापाचं नाव घ्यायचा नाही. दात सुटलेले राहायचे. मोजणी संपली की गाल पूर्वीसारखा ताठलेला नसायचा. संपतला आधी वाईट वाटलं. मग म्हणाला, "बरं झालं मामा, माजा तंबाखू तरी सुखानं खाईन."

शाळूचा हंगाम असाच गेला. शाळूला पारखी लागत नाही. ठणका आधी रोजचा होता, मग आठवड्याचा झाला, मग चांगुणानं विचारल्यावर आठवू लागला. तोंड अडीच बोटं उघडू लागलं. खरखर पूर्ण गेली नाही. बाईंनी सांगितलंच होतं. पण तिच्यात आता चीड नव्हती.

राहिला होता तो प्रश्न हायब्रीडचा. पुढचा आश्विन जवळ येऊ लागला तसा मच्छिंद्र पुन्हा गप्प गप्प राहू लागला. एक दिवस त्यानं पोपटशेठना सांगून टाकलं, "शेठ, औंदा पारखीला मला धरू नका. माजी दाढ आता बोलत न्हाई."

"मग कुणाची बोलते?" शेठ म्हणाले. "मागच्या वर्षी एकदा चुकलास. बाकीचे रोज चुकतात. बघ काहीतरी."

त्या दिवशी तो घरी येऊन ओसरीवर बसला. चांगुणा पान लावत होती. अडकित्त्यात सुपारी धरली, दाबली. कट्‌. पुढची सुपारी तिनं भिजत घातलेल्यातली घेतली. ती नुसतीच कापली गेली, आवाज नाही.

मच्छिंद्रनं मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आना कनगीतला जोंधळा," चांगुणा म्हणाली. "बघू तर."

जोंधळ्याचा दाणा अडकित्त्याच्या पात्यात धरणं सोपं नव्हतं. निसटायचा, उडायचा, ओसरीभर कोंबड्या गोळा झाल्या. शेवटी त्यानं पात्याला मेणाचा बारीक ठिपका लावला, त्यावर दाणा बसवला, अडकित्ता कानाजवळ नेला, ओठ मिटले, दात सोडले आणि दाबला. तोंडात काहीच नसल्यानं हाड गप्प होतं. दाणा एकटा बोलला. मग चांगुणानं भिजवून वाळवलेले, अर्धे ओले, पाव ओले दाणे ओंजळीत आणून दिले, न सांगता, उलटसुलट करून. संध्याकाळचा स्वयंपाक उशिरा झाला.

"कान तुमचाच हुता की," ती म्हणाली. "नाव दाढंचं झालं."

आश्विनात ज्ञानदेव आप्पांची पोती आली. मागच्या वर्षीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे भोवती नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. पोपटशेठनी नळी खुपसली आणि दाणे मच्छिंद्रच्या तळहातावर ठेवले. मच्छिंद्रनं इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशातून अडकित्ता काढला.

"सुपारी देतो का काय लग्नाची?" कुणीतरी मागून म्हणालं. हशा झाला.

"मामा म्हातारे झाले," संपत म्हणाला. "दात बी आता लोखंडाचे."

मच्छिंद्रनं पात्याला मेणाचा ठिपका लावला. दाणा बसवला, अडकित्ता कानाशी नेला, डोळे अर्धे मिटले. हसणारे आपोआप थांबले. लांब कुठंतरी टांग्याचा घोडा खिंकाळला, तोही गप्प झाला. त्यानं दाबलं. दुसऱ्या पोत्यातला घेतला, दाबलं. तिसऱ्यातला. मग पहिल्यातला पुन्हा.

"गप हाय, आप्पा," तो म्हणाला. "दोन उन्हं पायजेत."

ज्ञानदेव आप्पांनी टोपी मागं सारली आणि कमरेवर हात ठेवले. "मागल्या साली म्या ह्येच सांगत हुतो, तवा मला म्हणालास, दाढ माजी हाय का तुमची."

"तवा चुकलो, आप्पा," मच्छिंद्र म्हणाला. "तुमी बरोबर हुता."

एवढ्या लोकांत असं म्हणायला तो इतका वेळ भीत होता, आणि म्हणून झाल्यावर काहीच झालं नाही. आप्पा हसले. पोपटशेठनी मान डोलावली आणि स्वतः तळहातावरचा एक दाणा उचलून नखानं दाबून पाहिला, तो चेपला.

"चल रं संपत," आप्पा म्हणाले. "हात लाव. हितंच पसरतो मोकळ्या जागंत. ऊन बरं पडलंय."

पोती उलटली. आप्पांनी, संपतनं, मग मच्छिंद्रनंही पायानं जोंधळा सारखा केला. दोन दिवस आप्पा तिथंच घोंगडीवर बसून राहिले, पाखरं हाकत, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडकित्त्याची गोष्ट सांगत. चांगुणानं पाठवलेलं माडगं त्यांनीही मच्छिंद्रच्या शेजारी बसून खाल्लं आणि म्हणाले, "हे चांगलं हाय की रं. चावायचीबी कटकट न्हाई."

तिसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं पुन्हा दाणा पात्यात धरला. आवाज इतका स्वच्छ आला, की जवळ उभ्या असलेल्या पोपटशेठनाही ऐकू आला. मच्छिंद्रनं काही म्हणायच्या आधीच त्यांचं बोट वर गेलं होतं.

काटा बांधला. पहिलं पोतं चढलं. दांडी वर-खाली होऊ लागली आणि मच्छिंद्रनं दात सोडले, गाल सैल केला, तोंड उघडलं. हनुवटी सरळ खाली आली.

"लाभ," त्यानं पुकारलं. शेजारच्या गाळ्यातल्या माणसानं मान वळवून पाहिलं.